पोफळीवरची क्रियापदं

बाईंनी मला फ्रेंचमध्ये ‘नमस्कार’ कसं म्हणायचं ते पहिली दोन वर्षं शिकवलंच नाही. एकदा धीर करून विचारलं, तर म्हणाल्या, “ते विमानात बसल्यावर हवाईसुंदरी शिकवते. त्यासाठी करंज्याहून लाँच पकडून माझ्याकडं कशाला येतेस?”

मी येत होते ती पोटासाठी. न्हावा शेव्याला मालवाहतुकीच्या कागदपत्रांचं काम करणाऱ्या एका ऑफिसात मी नुकतीच लागले होते. आठवडाभर उरणला खोली करून राहायचे आणि शनिवारी संध्याकाळी करंज्याच्या धक्क्यावरून लाँच पकडून रेवदंड्याला घरी यायचे. आमच्या ऑफिसातून आफ्रिकेतल्या फ्रेंच बोलणाऱ्या बंदरांना बराच माल जायचा आणि तिकडची पत्रं वाचू शकणारा एकच माणूस होता. तो निवृत्तीला आला होता. साहेब म्हणाले, फ्रेंच शिकलीस तर ते टेबल तुझं. माझी आई बाजारात मासळी विकायला बसते. तिनं ही बातमी पहिल्या दिवशीच पापलेटाबरोबर गावभर वाटली. तेव्हा कुणीतरी तिला सांगितलं की शेजारच्या चौलला एक बाई आहेत, जन्मभर मुंबईच्या कॉलेजात फ्रेंच शिकवलं, आता एकट्याच वाडीत येऊन राहिल्यात, डोक्यानं थोड्या हललेल्या आहेत पण विद्या पक्की आहे.

यातलं दोन्ही खरं निघालं.

पहिल्या रविवारी मी वही-पेन घेऊन गेले तेव्हा बाई एका पोफळीच्या खोडावर चुन्यानं काहीतरी लिहीत होत्या. अंगावर सुती पातळ, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, आणि चष्मा नाकाच्या शेंड्यावर. मी माझी अडचण सांगितली. कंटेनर उशिरा पोचला, कागद अपुरे आहेत, सही राहिली आहे, एवढं लिहिता-वाचता आलं की माझं भागेल, असं म्हटलं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, ब्रश डब्यात बुडवला आणि विचारलं, “सुपारी सोलता येते?”

“नाही. मी कोळ्याची मुलगी. कोलंबी सोलता येते.”

“मग जमेल. हात चालला की जीभ चालते. बस त्यांच्यात जाऊन.”

त्यांच्यात म्हणजे हिराबाय, तिच्या दोन जावा आणि तिची सून. वाळलेल्या सुपारीचा ढीग अंगणात, आणि त्याच्याभोवती या चौघीजणी पात्यावर सुपाऱ्या सोलत बसलेल्या. मी टेकले नाही तोच हिराबायनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, “तू पन फ्यूस-फ्यूस शिकाया आलीस? बस. पयल्या दिशी जीभ वळत न्हाय, दुसऱ्या दिशी पातं लागतं. तिसऱ्या दिशी समदं जमतं.” मला वाटलं, ही थट्टा करतेय. मग तिनं सुपारी सोलता सोलता तोंडातल्या तोंडात असं काही म्हटलं की माझे हातच थांबले. सही करण्यापुरतीसुद्धा शाळा न केलेली ही बाई पाठ म्हणत होती, आणि तो फ्रेंचचा पाठ होता.

बाईंचा जीव फ्रेंच भाषेतल्या एकाच जागी अडकला होता. त्याला व्याकरणात इम्परफेक्ट सब्जंक्टिव्ह म्हणतात. घाबरण्यासारखं त्यात काही नाही. आपण म्हणतो ना, ‘त्यानं यावं असं मला वाटत होतं’, त्यातलं ते ‘यावं’. तसं वाटणं मागच्या काळातलं असेल, तर फ्रेंचमध्ये या ‘यावं’ला स्वतःचं निराळं रूप आहे. प्रत्येक क्रियापदाचं निराळं, शिवाय मी, तू, तो, आम्ही, तुम्ही, ते, प्रत्येकाला निराळं. गंमत अशी की खुद्द फ्रान्समध्ये आता ते कुणी बोलत नाही. जुन्या पुस्तकांत सापडतं, किंवा एखाद्याला फारच ऐट करायची असली तर तो वापरतो. म्हणजे जे रूप फ्रेंच माणसांनी माळ्यावर टाकून दिलं होतं, ते शिकायला मी दर रविवारी चौलला जात होते.

“मेलेलं नाही ते,” बाई म्हणायच्या. “त्याला कुणी हाक मारत नाही, एवढंच.”

कॉलेजात असताना अभ्यासमंडळानं हे रूप अभ्यासक्रमातून काढून टाकायचं ठरवलं. बाईंनी त्याच आठवड्यात मुदतीआधी निवृत्ती घेतली. “आज क्रियापद काढलं, उद्या कर्ता काढतील,” असं त्यांनी प्राचार्यांना तोंडावर सांगितलं म्हणे. प्राचार्य बिचारे रसायनशास्त्राचे. त्यांना वाटलं, पगाराबद्दल काही तक्रार आहे. बाईंनी मुंबईची खोली सोडली, चारशे पुस्तकं टेम्पोत घातली आणि वडिलांच्या वाडीत येऊन राहिल्या. लग्न केलेलं नव्हतं. मांजरं मात्र पाच होती आणि त्यांच्याशी बाई फक्त फ्रेंचमध्ये बोलायच्या, तेही अहो-जाहो करून. आम्हांला सरसकट अगं-तुगं.

वाडीत आल्यावर शिकवायला विद्यार्थी नव्हते, फळा नव्हता. बाईंनी दोन्हींची सोय जागच्या जागी केली. एकेका पोफळीवर एकेक क्रियापद लिहून काढलं. विहिरीजवळची सगळ्यांत जुनी पोफळ म्हणजे ‘असणं’. रस्त्याकडे झुकलेली ‘येणं’. पाटाच्या दोन्ही कडांना ‘हसणं’ आणि ‘घाबरणं’. खोडावर खालपासून वरपर्यंत सहाच्या सहा रूपं, बाईंचा हात पोचेल तिथवर. पावसाळ्यात चुना धुऊन जायचा. दिवाळी झाली की बाई नवा चुना कालवायच्या आणि सगळी वाडी पुन्हा लिहून काढायच्या. पुस्तक न उघडता.

काम करणाऱ्या बायकांना याचं सुरुवातीला हसू आलं, मग सवय झाली, आणि मग सोयच झाली. एरवी सारख्या दिसणाऱ्या अडीच-तीनशे झाडांतलं एखादं दुसऱ्याला सांगायचं कसं? आता सांगता येत होतं. “माझी चप्पल त्या सावुआरखाली ऱ्हायली गं.” “व्हनीरला यंदा फळ कमी हाय.” सावुआर म्हणजे ‘जाणणं’, व्हनीर म्हणजे ‘येणं’. शिंपण्याचं पाणी ‘देणं’पर्यंत पोचलं की पंप बंद करायचा, असा हिशेब. एकदा तालुक्याहून शेतीखात्याचा एक तरुण अधिकारी झाडं बघायला आला. कुठल्या झाडांना रोग आहे, असं त्यानं विचारल्यावर हिराबायच्या धाकट्या जावेनं त्याला चार क्रियापदं सांगितली. त्यानं त्या सुपारीच्या जाती समजून वहीत लिहून घेतल्या. बाई घरात जाऊन हसल्या, त्याच्यासमोर हसल्या नाहीत.

आमचा वर्ग सहाजणींचा. फ्रेंचमध्ये रूपंही सहाच, तेव्हा बाईंनी ती कायमची वाटून दिलेली. मला ‘मी’ मिळालं, कारण नव्या माणसाला स्वतःपलीकडे काही दिसत नाही, असं त्यांचं मत. मी उरणला असले की माझी पाळी त्याच भरून काढायच्या. जावांना ‘तू’ आणि ‘तो’. हिराबाय ‘आम्ही’, तिची सून ‘तुम्ही’. शेवटचं ‘ते’ बाईंचं स्वतःचं. त्या वेताच्या खुर्चीत बसून आमच्यासारखीच सुपारी सोलायच्या. क झ फ्यूस, क त्यू फ्यूस, किल फ्यू, क नू फ्यूसियाँ, क वू फ्यूसिए, किल फ्यूस. मी असावं, तू असावंस, त्यानं असावं, असं करत करत सहा रूपं झाली की सहा सुपाऱ्या टोपलीत. मग पुढचं क्रियापद.

याला एक नियम होता आणि तो मोडलेला मी कधी बघितला नाही. आपलं रूप तोंडातून निघाल्याशिवाय सुपारी टोपलीत टाकायची नाही. कुणी अडली तर दुसरीनं सांगायचं नाही, खुणावायचं नाही, हसायचं तर नाहीच. हात थांबवायचे आणि वाट बघायची. हिराबायची सून नवीन असताना ‘घेणं’वर अशी अडली की आम्ही सगळ्या सुपाऱ्या मुठीत धरून बसलो, चहा गार झाला, मांजर येऊन ढिगावर झोपलं. सून रडकुंडीला आली. मी न राहवून ओठ हलवले, तर बाईंनी माझ्याकडं असं बघितलं की मी ओठ पदरात लपवले असते, पदर असता तर. शेवटी सुनेला आलं. त्या दिवशी तिनं घरी जाऊन नवऱ्याला पहिल्यांदा उलट उत्तर दिलं, असं हिराबायनंच आम्हांला सांगितलं, आणि तक्रार म्हणून नाही सांगितलं.

नुसती रूपं पाठ करून चालायचं नाही, वापरावी लागायची. हे रूप वाक्यात एकटं उभं राहत नाही. त्याच्याआधी कुणालातरी काहीतरी वाटलेलं असावं लागतं. म्हणून बाई एकेकीला विचारायच्या, “काल काय व्हावं असं वाटत होतं?” पहिले काही रविवार सगळ्या गप्प. बायांना असं कुणी कधी विचारलेलंच नव्हतं. मग एकदा हिराबाय म्हणाली, “माज्या सासूनं मरायच्या आदी येकदा तरी माज्या हातचं कालवन चांगलं हाय म्हनावं, असं वाटत व्हतं.” बाईंनी ते वाक्य जसंच्या तसं फ्रेंचमध्ये करून तिला दिलं. हिराबायनं ते चार वेळा म्हटलं, डोळे पुसले आणि म्हणाली, “आता बरं वाटलं. मराठीत सांगितलं असतं तर समद्या आळीला कळलं असतं.”

या सगळ्यात माझ्या कंटेनरचं काय झालं ते सांगायला हवं. सहा महिने झाले तरी मला ‘कागद अपुरे आहेत’ लिहिता येत नव्हतं. साहेब विचारायचे, कुठवर आलं? मी म्हणायचे, चाललंय. शेवटी तो जुना माणूस रजेवर असताना फ्रान्समधल्या मार्सेय बंदरातल्या एका एजंटाला पत्र लिहायची वेळ माझ्यावर आली. शब्दकोश घेतला, बाईंची रूपं घेतली आणि लिहिलं. त्याचा मराठीत अर्थ साधारण असा होत होता, की आपण सहीचा कागद काल धाडावा अशी आमची मनीषा होती, आणि तो न यावा अशी भीती आम्हांला कधीही वाटली नव्हती. पत्र ईमेलनं पाठवून टाकलं.

उत्तर तासाभरात आलं. त्या माणसानं कागद तर पाठवलाच, खाली दोन ओळी लिहिल्या होत्या: हे पत्र मी आमच्या ऑफिसात मोठ्यानं वाचून दाखवलं, माझे आजोबा अशी पत्रं लिहायचे, आपलं वय काय? मी चोवीस असं कळवलं. त्याचा विश्वास बसला नाही. पण तेव्हापासून मार्सेयहून आमचा कागद कधी अडला नाही, आणि वर्षभरात ते टेबल माझं झालं. कंटेनरची भाषा मग मी एका पंधरवड्यात शिकले. बाई म्हणाल्या होत्या तसंच झालं. अवघड आधी शिकलं की सोपं आपल्या पायानं येतं. मी पेढे घेऊन गेले तर म्हणाल्या, “टेबलाचे आहेत की त्या पत्राचे?” पत्राचे म्हटल्यावर दोन घेतले.

बाई गोड होत्या असं कुणी समजू नये. चुकीचा उच्चार झाला तर त्यांना शिसारी यायची, ती चेहऱ्यावर दिसायची. औषधांचा त्यांना तिटकारा. डॉक्टरांनी रक्तदाबाच्या गोळ्या दिल्या होत्या. त्या तुळशीवृंदावनात पुरलेल्या मी स्वतः बघितल्या आहेत. मी त्यावरून भांडले. “माझं रक्त, माझा दाब,” एवढं बोलून त्यांनी विषय संपवला. तेव्हा आणखी भांडायला हवं होतं. अजून राग येतो मला स्वतःचा.

गेल्या माघात एका सकाळी हिराबाय कामावर आली, तर बाई पाटाच्या कडेला पडलेल्या. शुद्ध होती. उजवा हात उचलत नव्हता आणि तोंडातून शब्द येत नव्हता. पुण्याला त्यांचा भाचा असतो, भावाचा मुलगा. पंचेचाळिशीचा, कारखान्यांना यंत्रं पुरवतो, सरळ आणि घाईचा माणूस. तो रातोरात आला, दवाखान्याचं सगळं त्यानं निगुतीनं केलं. हात हळूहळू थोडा हलायला लागला. वाचा मात्र गेली ती गेलीच. तीन आठवड्यांनी बाईंना घरी आणलं. डॉक्टर भल्या बाई होत्या. त्यांनी आम्हांला नीट समजावलं, की यांना सगळं कळतंय, पण शब्द सापडत नाहीत. हो की नाही विचारलं तर मानसुद्धा भलतीकडे हलते, तिच्यावर भरवसा ठेवू नका. स्वतःला काय हवंय, काय नको, एवढं सांगता येत नाही तोवर यांना एकटं ठेवणं धोक्याचं आहे.

पुढचे पाच आठवडे एक नर्स ठेवली होती. ती बाईंना केळ्याचं चित्र दाखवून “हे काय?” असं विचारायची. चारशे पुस्तकं वाचलेली बाई त्या केळ्याकडं बघत बसायची. मी रविवारी जायचे, हात धरून बसायचे आणि परतीच्या लाँचमध्ये तोंड समुद्राकडं करून रडायचे.

शेवटी भाच्यानं ठरवलं. पुण्याला त्याच्या घराजवळ अशा रुग्णांची सोय करणारी संस्था होती. तिथं जागा मिळाली. त्यानं बाईंना विचारलंही, “आत्या, येशील ना माझ्याकडं?” बाईंनी मान डोलावली. तो समाधान पावला. मी म्हटलं, मानेवर विसंबू नका असं डॉक्टर म्हणाल्यात. तो म्हणाला, “मग कशावर विसंबू, तुम्हीच सांगा.” वाडीला कुलूप लागणार होतं, मांजरं हिराबायकडं जाणार होती, आणि बाई जिथं कुणालाच त्यांचं काही ठाऊक नाही अशा खोलीत केळ्याच्या चित्रासमोर बसणार होत्या. त्यांची इच्छा आहे की नाही, हे जगात कुणालाच कळणार नव्हतं.

जायचा दिवस रविवार होता. सकाळी नऊला गाडी फाटकाशी येऊन उभी राहिली. मी पोचले तेव्हा भाचा बॅगा बाहेर काढत होता, आणि अंगणात हिराबाय, जावा आणि सून पाती मांडून सुपारी सोलायला बसत होत्या.

“आज कशाला?” भाचा म्हणाला. “आम्ही निघतोय.”

“तुमी निगा, दादा. सुपारी वाळलीय, ती थांबत न्हाय,” हिराबाय म्हणाली. “बाईंना जरा हितं बशिवते. गाडीत सामान भरेस्तवर.”

तिनं कुणाच्या परवानगीची वाट न बघता बाईंची वेताची खुर्ची ओढून त्यांच्या जागी ठेवली, बाईंना हाताला धरून आणून बसवलं आणि डाव्या मुठीत एक सोललेली सुपारी दिली. मीही बसले. कुणी काही ठरवलं नव्हतं. हात चालू झाले की तोंडं चालू व्हायची, इतक्या वर्षांची सवय. मी म्हटलं, क झ फ्यूस. सुपारी टोपलीत. थोरल्या जावेनं ‘तू’ म्हटलं, धाकटीनं ‘तो’. हिराबायनं ‘आम्ही’ म्हटलं, सुनेनं ‘तुम्ही’.

आणि पाळी बाईंवर आली.

आम्ही थांबलो. नियमच तसा. पाचजणींचे हात जागच्या जागी. बाई समोर बघत होत्या. डिकी बंद झाल्याचा आवाज आला. भाचा येऊन उभा राहिला, घड्याळ बघितलं, आम्हांला काय झालंय ते त्याला कळेना. “चला,” तो म्हणाला. कुणी हललं नाही. “अहो, काय चाललंय?” हिराबायनं त्याच्याकडं न बघता हात वर करून त्याला थांबवलं. बाईंचे ओठ एकदा मिटले, उघडले, पुन्हा मिटले. गळ्याची शीर ताणली. मला सांगायचं होतं, ओरडून सांगायचं होतं, आणि मी दातांखाली जीभ धरून गप्प बसले.

“किल... फ्यूस,” बाई म्हणाल्या.

आणि डाव्या हातातली सुपारी टोपलीत टाकली.

आम्ही पाचजणी काय ओरडलो! मांजरं पळाली. सून उठून नाचायलाच लागली. भाच्याचे डोळे भरून आले, त्यानं गुडघ्यावर बसून आत्याचे पाय धरले. मग आम्ही दुसरं क्रियापद घेतलं, तिसरं घेतलं, आणि प्रत्येक वेळी बाईंचं ‘ते’ आलं, प्रत्येक वेळी थोडं लवकर.

भाच्यानं डॉक्टरांना फोन लावला. बराच वेळ ऐकून घेतलं. परत आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. तो मला बाजूला न घेता तिथंच, बाईंच्या डोक्यावरून, समजावून सांगायला लागला, की असं होतं, पाठ असलेलं येतं, अंक येतात, वार येतात, आरती येते. ते मेंदूच्या वेगळ्या कोपऱ्यात असतं. ती बोलली असं नाही म्हणता यायचं, ते नुसतं आपोआप आलं. आनंद आहे, पण त्यावरून तिला काय हवंय ते ती सांगू शकेल असं समजायचं नाही. तेव्हा आपण भावनेच्या भरात वाहून जाऊन चालणार नाही, गाडी उभी आहे, घाट लागायच्या आधी...

“ज वूले,” बाई म्हणाल्या.

तो थांबला.

“ज वूले... क मों नव्हो...” बाईंनी श्वास घेतला. कपाळावर घाम होता. “स त्यू.”

मला कळलं, तरी मी वाक्याचे तुकडे मनात पुन्हा जुळवून बघितले. भाचा माझ्याकडं बघत राहिला. तेवढ्यात हिराबाय पदर तोंडाला लावून खदखदा हसायला लागली.

“काय म्हणाली ती?” त्यानं विचारलं.

“दादा, राग नगा मानू,” हिराबाय म्हणाली. “बाई म्हनतात, भाच्यानं गप बसावं अशी माजी इच्छा व्हती.”

“तुम्हांला कसं कळलं?”

“कसं म्हंजे? स त्यू म्हंजे गप बसावं. ते क्रियापद गोठ्याच्या बाजूच्या झाडावर हाय. आन् नव्हो म्हंजे भाचा. माज्या भाच्याचं लगीन व्हतं तवा बाईंनीच शिकवलं.”

“हेही पाठ केलेलंच असेल.” पण त्याचा आवाज डगमगला होता.

“पाठ कसं असंल?” हिराबाय म्हणाली. “तुमी हितं यिऊन येवडं बोलाया लागलात ते आजच. आमाला आदी कुटं ठावं व्हतं, तुमाला गप करावं लागंल?”

आता मी मध्ये पडले. मी त्याला सांगितलं की हे वाक्य बाईंनी कधीही वर्गात घेतलेलं नाही, हे त्यांनी आत्ता जुळवलंय, शब्द शोधून, तुमच्यासाठी. तो माझ्याकडं बघत राहिला, मग आत्याकडं. बाई त्याच्याकडं डोळे वटारून बघत होत्या. चुकीच्या उच्चाराला बघायच्या तशा.

तो खाली बसला. सुपारीच्या ढिगाशेजारी, चांगल्या पँटीनिशी. बाईंचा उजवा हात त्यानं हातात घेतला आणि एरवी कधी बोलत नसेल इतक्या हळू विचारलं, “आत्या, पुण्याला यायचंय?”

आमचे हात पुन्हा थांबले. या वेळी पाठ नव्हता, कुणी आधीची पाच रूपं म्हणून वाट करून दिलेली नव्हती. बाईंची मान होकारार्थी हलायला लागली. मग त्यांनी डाव्या हातानं स्वतःची हनुवटी धरली, मान थांबवली, आणि सगळा जीव गोळा करून म्हणाल्या:

“नाही.”

मराठीत. स्वच्छ. दोन महिन्यांत पहिल्यांदा.

भाच्यानं गाडीवाल्याला परत पाठवलं. बॅगा स्वतः आत नेल्या. दुपारभर फोनवर होता, इथं राहायला येणारी नर्स बघ, बोलायला शिकवणारं कुणी अलिबागेत मिळतंय का बघ, असं चाललं होतं. हिराबायची सून तर त्याआधीच बोलली होती, रात्री मी झोपीन हितं, माजा नवरा खाईल हातानं वाढून.

आणि बाईंना एकदा तो शब्द सापडल्यावर त्यांनी तो सोडला नाही. आधीचीच नर्स निरोप घ्यायला आली होती, तिनं केळ्याचं चित्र काढलं. नाही. मऊ भात आणला. नाही. खुर्चीवर उशी ठेवू? नाही. मी म्हटलं, बाई, आता गोळी तरी घ्या. “नाही,” म्हणाल्या, आणि मी डोळे वटारल्यावर घेतली. प्रत्येक ‘नाही’ला जावा टाळ्या पिटत होत्या. चार वाजता चहा आला तेव्हा त्यांनी आधी नाही म्हटलं आणि मग सगळा प्यायल्या. मी आयुष्यात इतका नकार एका दिवसात ऐकला नव्हता आणि त्याचा एवढा आनंद कुणाला झालेला बघितला नव्हता.

संध्याकाळी भाच्यानं बूट घातले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याची कारखान्यात बैठक होती. तो खुर्चीजवळ येऊन वाकला, बाईंच्या खांद्यावर हात ठेवला.

“आत्या, तू इथंच राहा. तुझं खरं. मी निघू का मग?”

बाईंनी त्याच्याकडं बघितलं. या वेळी त्यांना शब्द शोधावा लागला नाही.

“नाही,” त्या म्हणाल्या.

त्यानं बूट काढले.